कपारीतलं खापर

अहो, कपार म्हणजे काय ते मला आता कळलंय, आणि ऐकायला तुम्ही नाही. हे तुमचं नेहमीचंच. पान वाढलं की तुम्हाला कुठला तरी शब्द आठवायचा, कोश काढून बसायचात, आणि मी स्वयंपाकघरातून हाका मारत राहायची. आता उत्तर हातात घेऊन हाका मारते आहे. तुम्ही काही उठत नाही.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमचे विद्यार्थी शाळेत सभा घेताहेत, एक छोटी पुस्तिकाही काढताहेत. त्यांतला एक, आता स्वतःच आजोबा झालेला, घरी येऊन म्हणाला, "काकू, सरांवर दोन शब्द लिहून द्या." मी म्हटलं, "बाबा, मला दोनच शब्द येतात. कपार आणि खापर." त्याला वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. चहा अर्धा टाकून गेला बिचारा. तुमचा जन्म, शिक्षण, हिंगणघाटात मराठी शिकवण्यात घालवलेली हयात, ते सगळं त्यांनी लिहिलंच आहे. मी आपली तुमच्याशी बोलते. छापायचं तर छापोत.

आधी एक सांगून टाकते. मी रडले नाही. शेजारीण "कपाळ फुटलं गं बाई तुझं" म्हणत गळ्यात पडली, तेव्हा तिच्या पदराला फोडणीचा वास होता आणि माझ्या मनात आलं, हिची भाजी गॅसवर असणार. होतीच. करपली. तुम्ही दुपारी कूलरसमोर, पेपर वाचता वाचता गेलात, चष्मा नाकावर तसाच. मी चहा घेऊन आले, "अहो" म्हटलं, पुन्हा एकदा "अहो" म्हटलं, आणि कप खाली ठेवला. आपला राजू पुण्याहून येईस्तोवर मी घर झाडलं, माणसांना बसायला सतरंज्या काढल्या. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! काही सुचत नव्हतं आणि हातांना रिकामं राहायची सवय नाही.

तर कपार.

तुम्ही मला बघायला आमच्या गावी आला होता. समुद्रपूरच्या पुढं, एसटी जिथून परत वळते ते गाव. आई त्याच वर्षी गेली होती. वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरकलं नाही तर मग तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून बाबांची घाई चाललेली. घरात बाईमाणूस म्हणजे शांतावहिनी, माझ्या भावाची बायको. तीही नवी नवरीच, माझ्याहून थोडीच मोठी. पोहे तिनं केले, मी बशा घेऊन बाहेर आले, आणि बघते तर तुम्ही माझ्याकडं पाहतच नव्हता. मागच्या दारातून टेकडीकडं बघत होता. टेकडीच्या अंगाला एक काळी जागा दिसते, तिच्याकडं.

"ते काय आहे?" तुम्ही मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"कपार," मी म्हटलं.

"कपार म्हणजे?"

"कपार म्हणजे कपार."

बाबांनी डोळे वटारले. माझे काका सावरायला धावले, "लहानशी गुंफा हाय जी ते. गुराखी बसतेत उन्हातान्हात." तुम्ही मात्र हसत होता. पुढं ही गोष्ट तुम्ही कुणाकुणाला सांगितलीत! वर्गात तर दरवर्षी. जी वस्तू फार जवळची असते तिचा अर्थ सांगता येत नाही, माणूस तोच शब्द पुन्हा आपल्या हातात ठेवतो, वगैरे. जवळची कसली, मी घाबरले होते आणि दुसरं काही तोंडात आलं नाही. पण तुम्ही इतक्या कौतुकानं सांगायचात की मी मध्ये बोलले नाही.

पोहे तसेच ठेवून तुम्ही उठलात. "जरा बघून येतो," म्हणालात आणि निघालात की! पॉलिश केलेले बूट, कपाशीच्या पऱ्हाटीतून वाट, मागून काका धोतर सावरत. परत आलात तेव्हा पँटला कुसळं चिकटलेली आणि एक खिसा फुगलेला. बाबांनी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "पसंत आहे." वहिनी आजही म्हणते, पोरगी पसंत होती का कपार, ते जवाईबुवानं सांगितलंच नाई.

खिशात होतं खापर. मडक्याचा तुकडा, तळहाताएवढा, एका कडेला भोक. लग्न होऊन बिऱ्हाडात आले तर ते तुमच्या टेबलावर, कागदांवर ठेवलेलं. "तुझ्या गावच्या कपारीत सापडलं," तुम्ही सांगितलंत. "आत असे पुष्कळ तुकडे आहेत. फार जुन्या काळी तिथं कुणीतरी राहत असणार." भोक कशाचं, तर दोरी ओवायचं. मडकं टांगून ठेवत असतील म्हणे. तुमच्या शाळेतले इतिहासाचे सर आले, त्यांनी ते खिडकीपाशी उजेडात धरलं, नखानं खरवडलं आणि म्हणाले, दोन हजार वर्षं तरी झाली असतील. मी चहा आणला तोवर तुम्ही दोघांनी ते आणखी पाचशे वर्षं मागं नेलं होतं. गावात मात्र ही गोष्ट आपण कधी काढली नाही. जावई पोहे टाकून मडक्याचा तुकडा उचलून घेऊन गेला, हे बाबांना काय तोंडानं सांगणार?

तिथून तुमचं सुरू झालं. गुहा वेगळी आणि कपार वेगळी, हे मला तुम्ही संसाराच्या पहिल्याच महिन्यात शिकवलंत. दुसऱ्या बायकांना नवरे सिनेमाला नेत होते. गुहा म्हणजे लपवणारी, मोठी, आत माणूस दिसेनासा होईल अशी. लेणं माणसानं कोरलेलं. कपार लहान. वाकून शिरावं, टेकून बसावं, ऊन कललं की निघावं. आणि हा शब्द आला कुठून? तर कोश उघडून बोट ठेवायचात: कर्पर. संस्कृतात कर्पर म्हणजे मडक्याचा तुकडा, आणि कवटीसुद्धा. "आपलं खापर त्याच घरचं, आणि कपारही त्याच घरची. फुटक्या मडक्यासारखी पोकळ जागा, म्हणून कपार."

"शब्दाला कुठून तरी यावंच लागतं का?" मी विचारायची. "तो तिथंच होता. टेकडी कुठून आली, विचारता का?"

"अगं, आत खापरंच खापरं आहेत. आणखी पुरावा काय पाहिजे?"

"उद्या तिथं चप्पल सापडली तर चपलेवरून कपार म्हणाल."

तुम्ही चिडायचात. लटके नाही, खरेखुरे, कान लाल होईपर्यंत. मागच्या अंगणात विटांची चूल मांडून, तिच्यावर मटका पालथा घालून मी लांब रोट्या करायची, तर तुम्ही धुरात येऊन उभे. "हे बघ, हा पालथा मटका. हीच कपार. वरून टेकडी, आतून पोकळ." कणीक हातावर झुलवत झुलवत पातळ झालेली, मटक्यावर टाकायची नेमकी वेळ, आणि हे संस्कृत सांगताहेत! "बाजूला व्हा, रोटी फाटेल," मी ओरडायची. तुम्ही हलायचा नाहीत. पहिली रोटी तिथंच, उभ्या उभ्या, तूप न लावता खायचात आणि तोंडात घास असताना पुन्हा कर्पर म्हणायचात.

हे भांडण कधी मिटलं नाही. अलीकडं तुम्हीच ढिले पडला होता. "खात्री नाही गं," म्हणायचात. "कोश करणारी माणसंही शेवटी अंदाजच करतात." मला ते आवडत नव्हतं. तुम्ही खात्री नाही म्हणालात की तुमचं वय दिसायचं.

खरं सांगायचं तर मला ते खापर कधीच आवडलं नाही. दर दिवाळीला टेबल पुसताना तेही ओल्या फडक्यानं पुसायची आणि मनात म्हणायची, कधी एकदा फुटतंय. आपण या घरात राहायला आलो तेव्हा मी ते सरळ केरात टाकलं. संध्याकाळी तुम्ही टेबल लावायला घेतलं आणि विचारलंत, "खापर कुठंय?" माझ्या तोंडाकडं पाहून तुम्हाला समजलं. कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर जाऊन, काठी घेऊन, नव्या कॉलनीतल्या लोकांसमोर तुम्ही केर उपसत होता. पोरं जमली. कुणीतरी मला येऊन विचारलं, "काकू, सरांचं सोनं पडलं का काही?" तुम्ही ते घेऊन आलात, नळाखाली धुतलंत आणि स्वतःच्या टॉवेलनं पुसलंत. लाजेनं मी कितीतरी दिवस फाटकाबाहेर उभी राहिले नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही मनाला लावून घेतली होती. माझी आई तुम्ही पाहिली नाही. राजू झाला तेव्हा म्हणालात, माझ्या आजारपणात म्हणालात, बोलता बोलता मध्येच म्हणायचात, "सासूबाईंना एकदा बघायला पाहिजे होतं. हा तुझा ठसका कुणाचा ते तरी कळलं असतं." दाखवणार काय? आईचा फोटोसुद्धा नाही. फोटो काढायचा तर समुद्रपूरला जावं लागायचं, आणि आई तेवढ्यासाठी कशाला जाते! तिची लुगडी वहिनीकडं राहिली, दागिना होता तो माझ्या लग्नात मोडला. चेहरासुद्धा आता मला नीट आठवत नाही. हात आठवतात, आणि "सुमे" अशी हाक. एकदा आपलं कशावरून तरी जुंपलं होतं तेव्हा मी रागानं म्हटलं होतं, "आईचं म्हणून माझ्याकडं एक चिंधीसुद्धा आली नाही." तुम्ही टेबलाशी बसला होता.

तुमच्या तेरवीला शांतावहिनी गावाहून आली. तिच्या गुडघ्यानं आता अगदी दगा दिला आहे. पंगती उठल्या, माणसं पांगली, तेव्हा तिला म्हटलं, सरांच्या खोलीत जाऊन घडीभर आडवी हो. या घरी ती कितीदा आली असेल, पण तुमच्या खोलीत कधी शिरली नव्हती. जवाईबुवा आत बसले आहेत म्हटल्यावर दारातूनच डोक्यावर पदर घेऊन परत फिरायची. थोड्या वेळानं मी उशी द्यायला गेले तर ती टेबलाजवळ उभी, छातीवर हात.

"सुमनबाई, हे इथं काऊन?"

"काय?"

"हे." बोट दाखवत होती, पण हात लावत नव्हती.

"ते होय! सरांनी आणलेलं. मला बघायला आले होते ना, तेव्हा कपारीत सापडलं त्यांना. दोन हजार वर्षांचं आहे म्हणे."

वहिनी पलंगाच्या कडेला टेकली. "कायचे दोन हजार," ती म्हणाली. "माह्या हातानं ठेवलं होतं मी. सासूबाईचं हाय ते."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना उठून आधी दार लावून घेतलं. सरणाभोवती पोरगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरतो, फेरीला गोट्यानं त्याला भोक पाडतात, शेवटी तो मडकं पाठीमागं टाकून फोडतो, हे सगळीकडंच आहे. आमच्या गावात त्यातला भोकाचा एक तुकडा घरचा कुणीतरी माणूस न बोलता उचलतो आणि घराबाहेर भिंतीशी आणून ठेवतो. तेरवीच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, घरची सून तो पदराखाली घेऊन कपारीत ठेवून येते. प्रत्येक घराची जागा ठरलेली. टोल्यावरच्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या गोंड बायाही आत त्यांचं काहीतरी ठेवतात, काय ते वहिनीलाही ठाऊक नाही. पुरुष विचारत नाहीत, बाया बोलत नाहीत. आणि लेकीला तर सांगायचंच नाही. लेक दुसऱ्याच्या घरी जाते, तिच्यासंगं गोष्टही जाते.

"पन काऊन ठेवतेत?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी गावची बोली आपोआप तोंडात आली.

"मानूस उन्हात जळते, सुमनबाई. आपल्याइकडचं ऊन तुले मालूमच हाय. एक तुकडा तरी सावलीत राहू द्या, बस. माह्या सासूनं मले असंच सांगितलं होतं."

"पण हे आईचंच कशावरून?"

तिनं पहिल्यांदा खापर हातात घेतलं. त्याचं भोक गोल नाही, हे मी इतकी वर्षं पुसताना पाहिलं होतं. लांबट आहे. "दोन भोकं हायेत हे, एकात एक गेलेले," वहिनी म्हणाली. "तुह्या भावाचा खांदा कापून राह्यला होता, त काकाचा गोटा पयल्या भोकाच्या काठावरच लागला. आनून ठेवलं तवाच मले त्यानं रडत रडत सांगितलं होतं. मी कशी भुलीन?"

ठेवल्यावर थोड्याच दिवसांत ती दुसऱ्या कुणाचं तरी ठेवायला शेजारणीसोबत गेली, तर आईची जागा रिकामी. नवी सून, कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर तिच्याच पायगुणावर आलं असतं. घरचा एक माठ फोडून, दाभणानं भोक पाडून तिनं गुपचूप दुसरं खापर तिथं ठेवलं. "पन मनातली खुटखुट गेली नाई," ती म्हणाली. "उन्हाळा आला का वाटे, सासूबाई कोठी असन? उन्हात त नसन?"

अहो, तुम्ही माझ्या आईला खिशात घालून आणलंत!

मला इतका संताप आला म्हणून सांगू. पोहे खायला आलेला माणूस, ना ओळख ना देख, लोकांच्या कपारीत शिरून वस्तू उचलतो, आणि वरून तिच्यावर व्याख्यानं देतो! आमच्या गावच्या कुंभारानं त्याच उन्हाळ्यात भाजलेलं नवं कोरं मडकं, त्याचं तुम्ही आणि तुमच्या त्या इतिहासाच्या सरांनी काय करून टाकलंत! म्हणे दोरी ओवायचं भोक. माझ्या भावाचा खांदा थरथरला म्हणून पडलं होतं ते. हार घातलेल्या तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी मोठमोठ्यानं तुम्हाला नाही नाही ते बोलले. राजू धावत आला, त्यानं मला धरलं. त्याला वाटलं, आई अखेर रडते आहे, बरं झालं. मी रडत नव्हते. भांडत होते.

राग उतरायला वेळ लागला. उतरला तेव्हा मी तुमच्या खुर्चीत बसले होते. खापर हातात घेतलं. एक काठ गुळगुळीत झाला आहे. वाचताना तुमचा डावा अंगठा त्याच्यावरून फिरत असायचा, त्यानं. बाकीचे काठ अजून बोचतात.

आणि मग एकेक आठवायला लागलं. मी तिला केरात टाकून दिलं होतं, तुम्ही काठी घेऊन शोधून आणलंत. स्वतःच्या टॉवेलनं पुसलंत. मी आईची चिंधी नाही म्हणून तुमच्याशी भांडत होते तेव्हा ती तुमच्या कोपराशी होती. राजू त्याच टेबलाखाली रांगला. दर दिवाळीला मी तिला फडक्यानं पुसलं. या घरात ऊन येत नाही अशी एकच खोली आहे, तुमची, आणि ती सगळा वेळ त्या खोलीत होती. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तुमचे उपकार मानू की अजून चार शब्द सुनावू, माझं काही ठरत नाही. तुम्ही समोर असता तर आधी सुनावलेच असते.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "घेऊन चाल. तिच्या जाग्यावर ठेवू."

"आणि यांचं?" मी विचारलं.

तुमचं खापर होतंच कुठं? वणा नदीच्या घाटावर राजूनं मडकं मागं टाकलं, फुटल्याचा आवाज झाला, सगळे न बघता पुढं निघाले. आम्हाला कुणाला काय ठाऊक! मी राजूला घाटावर पाठवलं. तो जाऊन आला. सगळं झाडून साफ केलेलं. आणि खापर असतं तरी काय, वहिनीची अडचण वेगळीच होती. "जवायाचं आपल्या कपारीत जात नाई," ती म्हणाली. "ज्याच्या त्याच्या गावचं तिथं."

"यांच्या गावी, नाचणगावात, यांचं कोण उरलंय? ना घर, ना माणूस. आणि तिथं कुठली आली कपार? मग उन्हात ठेवू यांना?"

"तसं नाई म्हनत मी."

"मग कसं म्हणते?"

मी आवाज चढवला होता. वहिनीनं आईचं खापर उचलून मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "सासू कधी जवायाच्या घरी राहत नाई. आपल्या सासूबाई राह्यल्या. आता जवाई सासूकडं राह्यला, त कोनाच्या बापाचं काय जाते?" आणि पुढं म्हणाली, "माह्या सुना नागपुरात. त्यायले असं काही सांगतलं त हासतीन. माह्या मागं हे कोनाले मालूम राहीन? तुले लिहिता येते. लिहून ठेवजो."

म्हणून लिहिलं.

तिनं आईसाठी घरचा माठ फोडला होता, तसं तुमच्यासाठीही घरचंच मडकं चालेल, असं ठरलं. घरात मातीचं एकच होतं. मागच्या अंगणातला मटका, ज्याच्यावर मी रोट्या करायची आणि ज्याच्याकडं बोट दाखवून तुम्ही कर्पर कर्पर करायचात. चांगला होता, अजून खूप टिकला असता. वरवंटा घातला. पहिल्यांदा नुसता वाजला. दुसऱ्यांदा जोरात घातला तेव्हा फुटला. वहिनीनं एक तुकडा निवडला, खिळ्यानं जपून जपून भोक पाडलं. एक अंग धुरानं काळंकुट्ट, दुसरं लाल. मी पिठाचा डाग पुसायला गेले तर म्हणाली, राहू दे.

राजूनं गाडीनं गावाला नेलं. त्याला रस्त्यावरच थांब म्हटलं. त्यानं विचारलं नाही. पऱ्हाटीला बोंडं धरली होती. वहिनी माझ्या खांद्यावर हात ठेवून चढत होती, आणि मला राहवेना. तुमच्यासाठी विचारून घ्यायलाच हवं होतं.

"वहिनी, खापर ठेवतात म्हणून तिला कपार म्हणतात, की कपार म्हणतात म्हणून तिथं खापर ठेवतात?"

"चालतानी असं काही नको इचारू वो," वहिनी म्हणाली. "माहा गुडघा दुखून राह्यला."

तेव्हा ते तसंच राहिलं. तुम्ही अर्धे जिंकलात, एवढं मी मान्य करते. पूर्ण नाही.

लहानपणी लांबून वाटायची त्याहून कपार लहान आहे. वाकून आत शिरलो. बाहेर भाजत होतं आणि आत माठाजवळ बसल्यासारखं गार. भिंतीला धरून खापरंच खापरं, घराघरांची वेगवेगळी. आमची तोंडाशीच, डाव्या हाताला. बाबांचं, भावाचं, आणि वहिनीनं ठेवलेलं ते आईचं खोटं. तुम्ही पहिल्या फटक्यात आईलाच का उचललंत ते कळलं. आत शिरून टेकलं की हात तिथंच पडतो.

डाव्या हातानं ठेवायचं, बोलायचं नाही, ठेवलं की मागं न बघता निघायचं. वहिनीनं वाटेतच बजावलं होतं. मी ते खोटं बाजूला सारून आईचं खापर तिच्या जागी ठेवलं. त्याला लागून तुमचं ठेवलं, काळं अंग खाली, लाल वर. उठायला लागले आणि मला रडू आलं. तुमच्यासाठी आलं, आईसाठी आलं, कुणासाठी किती ते कळेना. वहिनी माझा पदर ओढत होती, चाल म्हणून खुणावत होती. पण तुम्ही दोघं एकमेकांना नवखे. तुमची ओळख कुणीतरी करून द्यायला नको?

मी म्हटलं, "आई, हे तुहे जवाई. तुले पाहाचं राहून गेलतं त्यायचं. आता इचारतीन तुले, कपार म्हन्जे काय. सांग त्यायले."